खाट रिकामी, वेदना चालू

सोमवारी सकाळी तेलधारा ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या खोलीतल्या स्क्रीनवर एक ओळ उमटली. तशी ओळ त्याआधी कोणी पाहिली नव्हती.

खाट नऊ : रिकामी. वेदना : चालू.

डॉ. सुनीती गव्हाणे यांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली आणि उठून वॉर्डात गेल्या. खाट नऊ खरोखरच रिकामी होती. गादी दुमडलेली होती आणि तिच्यावर धुतलेल्या चादरींचा गठ्ठा ठेवलेला होता.

"सिस्टर, इथे शेवटी कोण होतं?"

"लोंढे मास्तर," ज्योत्स्ना पंडागळे सिस्टर म्हणाल्या. "बँडवाले. तोंडाचा कॅन्सर. मागच्या महिन्यात घरी पाठवलं की आपण."

"पट्टा कापला होता ना?"

सिस्टर चादरींच्या घड्या सारख्या करू लागल्या. घड्या आधीच सारख्या होत्या.

"सिस्टर."

"कात्री हातात घेतली होती, मॅडम. त्यांच्या बायकोनं माझा हात धरला. म्हणाली, एवढा राहू द्या, याच्यानंच त्यांना बरं वाटतं."

"पट्ट्यानं?"

"तिला तसंच वाटतं. पट्टा वाजला की मी औषध घेऊन जायचे. औषध पोटात गेलं की मास्तरांना झोप लागायची. तिनं मधलं सगळं सोडून दोन टोकं जोडली. पट्टा वाजतो आणि बरं वाटतं. औषध बंद केलंय आणि आता पट्टाही काढते, असं तिच्या तोंडावर मला सांगवलं नाही."

डॉक्टर खाटेकडे पाहत राहिल्या.

ताप मोजायला थर्मामीटर होता, रक्तदाबाला यंत्र होतं, साखरेला सुई होती. वेदनेला माप नव्हतं. शून्य ते दहा यांत किती दुखतं, असं डॉक्टर विचारत. तेलधाराच्या बायका सांगत, "आहे जरासं." पुरुष म्हणत, "तुम्हीच बघा किती ते." एवढ्यावर औषधाचा निर्णय होई, आणि बहुतेक वेळा तो न देण्याचाच होई.

मनगटावरच्या पट्ट्यानं हे बदललं. नाडीच्या ठोक्यांमधलं अंतर, त्वचेतून जाणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह, घामातली काही रसायनं आणि स्नायूंची न दिसणारी थरथर, असं तो एकाच वेळी टिपत असे. यातलं कोणतंही एक लक्षण घेतलं तर फसायला होतं. भीतीनं घाम येतो आणि जिना चढला तरी नाडी धावते. पण चारही एकत्र घेतली आणि त्याच माणसाच्या पहिल्या दिवसाच्या मोजणीशी ताडून पाहिली, तर भीती, श्रम आणि वेदना वेगळ्या काढता येतात, हे लाखो रुग्णांच्या नोंदींवरून संगणक शिकला होता. आकडा सहाच्या वर गेला की पट्टा गुरगुरल्यासारखा वाजे आणि नर्सच्या टेबलावर दिवा लागे. सरकारी नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याला कळपट्टा म्हटलं. आतून येते ती कळ, आणि वरून दाबतात तीही कळच.

पट्टा तेलधारापर्यंत आला त्याचं कारण मोठं होतं. मॉर्फिन हे जुनं आणि स्वस्त औषध. ज्या अफूपासून ते निघतं, ती आपल्याच देशात परवान्यानं पिकवली जाते. तरी जगातलं बहुतेक मॉर्फिन मूठभर श्रीमंत देश वापरतात आणि गरीब देशांच्या दवाखान्यांत माणसं तोंडात फडकं धरून पडतात. कुठे औषध नाही, कुठे आहे पण कुलपात आहे, आणि कुलपाची किल्ली ज्याच्याकडे त्याला व्यसनाची नाहीतर पोलिसांची भीती. पूर्वी वर्षातून एकदा कोणीतरी येऊन विचारी, "आहे का?" उत्तर येई, "आहे." पाहणी संपे. आता एका आंतरराष्ट्रीय निधीनं पैसे देताना अट घातली की प्रत्येक रुग्णालयाचे दोन आकडे सतत दिसले पाहिजेत. कपाटात औषध आहे का, हा एक. खाटेवरच्या रुग्णाची सहाच्या वरची वेदना किती वेळ तशीच राहिली, हा दुसरा. दोन्ही ठीक असतील तर नकाशावर हिरवा ठिपका, नाहीतर लाल.

पहिले काही महिने तेलधारात चांगले गेले. पट्टा वाजे, सिस्टर धावत, गोळी दिली जाई, आकडा उतरे. डॉक्टर गव्हाणे यांना नोकरीत बऱ्याच वर्षांनी काहीतरी मनासारखं घडतंय असं वाटलं होतं. मग परवान्याच्या नूतनीकरणाची फाइल वर कुठेतरी अडकली. नवा साठा येईना आणि कपाट रिकामं होत गेलं. साठा शून्य झाला की ठिपका लाल होणार, चौकशी लागणार, आणि चौकशी मिटेपर्यंत पुढचा साठा थांबणार. शेवटच्या चार पाकिटांपाशी डॉक्टरांचा हात थबकला. दिलेली गोळी संपते. न दिलेली गोळी 'उपलब्ध' राहते.

मग दुसऱ्या आकड्याचं काय करायचं? त्यावरची तोड जुनीच होती, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक डॉक्टरच्या तोंडी होती.

घरी न्या. सेवा करा.

औषध संपलं, आता तुमचं तुम्ही पाहा, हे सांगायची ती सभ्य रीत. आवाज खाली आणून, रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचं. नातेवाईक हात जोडतात. कोणीतरी स्पष्ट बोललं याचंच त्यांना बरं वाटतं. शेवट घरात व्हावा असं कित्येकांना मनापासून वाटतही असतं. त्यामुळे फसवणूक झाली असं कोणालाच वाटत नाही. पट्टा रुग्णालयाचा, तो जाताना कापून घ्यायचा. घरातली वेदना मोजायची तरतूद कुठल्याच कलमात नव्हती.

पहिल्यांदा डॉक्टरांनी ते हरणाबाई शेळके यांना सांगितलं. खाट आठ, लोंढे मास्तरांच्या शेजारची. स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला होता. कूस बदलताना त्या दातांत पदर धरत. पट्टा डॉक्टरांनी स्वतः कापला, कारण हरणाबाईंनी स्वतःच हात पुढे केला होता. "घ्या बाई, तुमची वस्तू तुमच्यापाशी," असं म्हणाल्या होत्या. त्या दिवशी आठव्या खाटेचा आकडा स्क्रीनवरून गेला. आठवड्याभरात मास्तर घरी गेले. मग आणखी काही जण. कपाटात चार पाकिटं शाबूत, खाटा मोकळ्या. तेलधाराचा ठिपका हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. हिरवी रुग्णालयं बघायला निधीचे पाहुणे याच शुक्रवारी येणार होते.

दुपारी जिल्हा समन्वयक डॉ. पराग देऊळगावकर यांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्याकडे भूतबित आहे का? कालपासून यंत्रणा न कापलेले सगळे पट्टे दाखवायला लागलीय, आणि तुमच्या रिकाम्या खाटेवर नऊ दाखवतंय."

"पट्टा कापायचा राहिला. रुग्ण घरी आहे."

"मग कापून टाका की. शुक्रवार तोंडावर आलाय." त्यांचा सूर हलका होता. "आणि आलेख बघितलात का? दिवसभर नऊ. रोज संध्याकाळी थोडा वेळ सातवर येतो, कधी सहावर, पुन्हा वर. म्हणजे कोणीतरी काहीतरी देतंय. बाजारातली चोरटी गोळी असली, तर पोलीस आधी तुमच्या कपाटाशी येतील."

डॉक्टरांनी सिस्टरांना बोलावलं. कपाटाला दोन कुलपं होती. एक किल्ली डॉक्टरांकडे, दुसरी सिस्टरांच्या कमरेला. दोघींनी मिळून दार उघडलं. पाकिटं जशीच्या तशी होती, एकही गोळी हललेली नव्हती. डॉक्टरांना हायसं वाटलं. कपाट पुन्हा लावून जिना उतरत असताना मात्र, नेमकं कशानं हायसं वाटलं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या उरलेल्या पायऱ्या खाली बघत उतरल्या.

उन्हं कलल्यावर दोघी सिस्टरांच्या स्कूटरवरून निघाल्या. रुग्णवाहिका नेली असती तर गावभर झालं असतं. डॉक्टरांच्या पर्समध्ये पट्टा कापायची कात्री होती.

"मॅडम, गोळ्या घेतल्यात का बरोबर?" सिस्टरांनी पुढे बघतच विचारलं.

"रुग्णालयाबाहेर नेता येत नाहीत. माहितीय तुम्हाला."

"माहितीय. विचारून पाहिलं."

लोंढ्यांचं घर गावाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागं होतं. अंगणातल्या दोरीवर बँडचे लाल कोट वाळत होते. त्यांची सोनेरी झालर उन्हात चमकत होती. ओसरीत बाजेवर मास्तर डाव्या कुशीवर पडले होते. उजवा जबडा फुगून कानापर्यंत चढला होता आणि त्यावर स्वच्छ फडकं होतं. नाकातून नळी घातलेली होती. डोळे मिटलेले होते, पण ती झोप नव्हती. कपाळावरची शीर उडत होती. मनगटावरचा पट्टा मात्र पुसून लख्ख ठेवलेला होता.

मास्तरांच्या पत्नी गयाबाई आतून धावत आल्या. डॉक्टरांना बघून आल्या पावली परत गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या.

"बाई, तुम्ही सोता आलात," कुंकू लावत त्या म्हणाल्या. "बसा. मी सांगत होते यांना, बाई येतील म्हणून. अहो, डॉक्टरीणबाई आल्यात बघा."

मास्तरांनी डोळे उघडले. हात कपाळाकडे न्यायचा प्रयत्न केला. तो अर्ध्यात राहिला.

"कसं चाललंय?" डॉक्टरांनी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलेला तो प्रश्न होता.

"तुम्ही सांगितलं तसं करायलोत. सेवेत एक दिवस खाडा न्हाई."

"कोण करतं?"

"सगळेच येतेत की. येतीलच आता."

तेवढ्यात पट्टा वाजला. गुरगुर सुरू झाली तशी गयाबाईंची मान आपोआप अंगणाच्या दाराकडे वळली. सिस्टरांच्या ते लक्षात आलं. डॉक्टरांच्याही. गुरगुर थांबली. गयाबाईंनी मान परत वळवली आणि ओशाळवाणं हसल्या.

"तिथं वाजला की सिस्टर यायच्या. सवय लागली. इथं बी वाजतो दिवसभर, पर तुम्हाला लांब पडतं ना."

टाकीपासून रुग्णालय जेमतेम दहा मिनिटांवर होतं. सिस्टर उठून पाणी प्यायला आत गेल्या.

अंगणात सायकली लागल्या. चार माणसं आली. पुढे रझाकभाई, हातात ट्रम्पेट. ट्रम्पेटच्या तोंडात टॉवेलचा बोळा कोंबलेला. मागे एक सॅक्सोफोन, एक ढोलकी आणि एक नुसता खुळखुळा.

"मास्तर, आज पाव्हणे भारी हायेत," रझाकभाई बाजेशी वाकून म्हणाले. "बेसूर झालो तर बाईंच्या देखत डोळे वटारू नका. त्या गेल्यावर काय ते बोला." मग डॉक्टरांकडे वळून, "बाई, तुमच्या वरातीत मास्तरांनीच क्लॅरिनेट वाजवली होती. मारवाडी गल्लीच्या तोंडाशी असा काही सूर लावला की साहेबांचा घोडा बिथरला. साहेबांनी फेटा सोडला, पर लगाम न्हाई सोडला. आठवतंय?"

डॉक्टरांना आठवत होतं. त्या हसल्या, आणि हसताना मास्तरांकडे बघितलं. मास्तरांच्या डाव्या गालाला किंचित वळी पडली होती.

मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली. लग्नातलीच गाणी, पण टॉवेलातून गाळून आलेली, शेजारच्या खोलीत लग्न असावं तशी. ढोलकीवर थाप नव्हती, फक्त बोटं. डॉक्टरांनी फोनवर आलेख उघडला. नऊ. मास्तरांची बोटं चादरीवर हलू लागली. क्लॅरिनेटच्या कळांवर हलावीत तशी, एकेक, नेमकी. आठ. एका जागी सॅक्सोफोन चुकला आणि मास्तरांचं मधलं बोट तिथेच दाबलेलं राहिलं. वाजवणाऱ्यानं ते बघितलं आणि ओळ पुन्हा घेतली. सात. शेवटच्या गाण्यात क्षणभर सहा.

यात चमत्कार काही नव्हता, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर दारं असतात. मन दुसरीकडे गुंतलं तर ती थोडी लोटली जातात. शरीर स्वतःची थोडी अफू तयार करतं. थोडीच.

"रझाकभाई, हे वाजवायचं कोणी सुचवलं?" गाणं थांबल्यावर त्यांनी विचारलं.

रझाकभाईंना प्रश्न कळला नाही. "म्हंजे? तुम्हीच की."

"मी?"

"गयावैनी येऊन रडल्या. म्हणल्या, डॉक्टरीणबाईनं मास्तरांची सेवा करा म्हणून सांगितलंय. मग आमच्यात सेवा म्हंजे हीच. खंडोबाची यात्रा असू द्या नाहीतर पिराचा उरूस, आधी म्होरं बसून सेवा वाजवायची, सुपारीचं काम मागून. सेवेचा पैसा घेत न्हाईत." ते ट्रम्पेट पुसत बोलत होते. "आम्हाला बी आधी नवल वाटलं. मग म्हणलं, बाई शिकलेल्या हायेत, काहीतरी असंल त्याच्यात. हातपाय दाबायला अन् फडकी धुवायला घरचे हायेतच की. त्याला कशाला डॉक्टर सांगंल?"

डॉक्टरांनी फोनकडे बघितलं. ट्रम्पेटमधला टॉवेल अजून निघाला नव्हता आणि आकडा आठवर गेला होता.

ते वाक्य त्यांनी इतक्या जणांना सांगितलं होतं. दार ओढून घेताना हाताला कडी लागावी तसं ते येई. या माणसांनी ते औषधाच्या चिठ्ठीसारखं घरी आणलं होतं आणि दिवसाला एकदा, खाडा न करता, पाळलं होतं. पर्समधली कात्री गयाबाईंना दिसेल असं उगीच वाटून त्यांनी चेन लावून घेतली.

फोन वाजला. त्या अंगणात हापशापाशी गेल्या.

"मॅडम, मी थेट बघतोय, आत्ता सहा आलं होतं," पराग म्हणाले. "काय देतायत? नाव कळलं का?"

"काही देत नाहीत. बँड वाजवतायत."

"काय?"

"बँड. लग्नातला. हळू वाजवतायत."

पराग बोलू लागले, आणि त्यांच्या बोलण्यात खरा उत्साह होता. ते वाईट माणूस नव्हते.

"मॅडम, हे सोनं आहे. औषधाविना आराम, असा रकाना निधीवाले कधीपासून भरा म्हणतायत. याला परवाना नको, कुलूप नको. घरी पाठवलेले रुग्णही आपल्याला हिरव्यात दाखवता येतील. कापू नका पट्टा. शुक्रवारी पाहुण्यांना थेट तिथेच नेऊ. तुम्ही फक्त एक पत्र द्या, संगीतामुळे वेदना उतरली म्हणून. आलेख तर आहेच."

"नऊवरून सातवर उतरली. आता आठ आहे."

"उतरली ना?"

"पराग, सात म्हणजे माणसाला झोप लागत नाही. नळीतून दूध घातलं तरी उलटतं."

"मला कळतंय. पण गोळ्या आणायच्या कुठून? एक सांगतो, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या तिमाहीत तुमचा कोटा कमी होणार आहे. तुमच्याकडे वापरच दिसत नाही. शून्य वापर. वरून विचारलं, तेलधाराला गरज नाही का? मी काय सांगणार?"

डॉक्टरांनी हापशाच्या दांड्यावर हात ठेवला. चार पाकिटं वाचवली म्हणून ठिपका हिरवा राहिला होता. ठिपका हिरवा राहिला म्हणून कोणी काही विचारलं नव्हतं. आणि गोळ्या वाचल्या म्हणून आता गरजच नाही, असं ठरत होतं. पत्र दिलं तर चौकशी टळणार होती, शुक्रवार साजरा होणार होता आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक कपाटाला आणखी एक कुलूप बसणार होतं. मास्तरांना रोज संध्याकाळी चार गाण्यांपुरते दोन अंक मिळणार होते.

"पत्र देते," त्या म्हणाल्या. "बँडनं दोन अंक उतरतात, हे लिहिते. उरलेले सात आमच्या कपाटात होते, तेही लिहिते."

"मॅडम, असं नका—"

त्यांनी फोन बंद केला आणि ओसरीकडे वळल्या. सिस्टर पायरीवर बसल्या होत्या.

"सिस्टर, दुसरी किल्ली?"

"कमरेलाच आहे."

"गाडी बोलवा. मास्तरांना परत भरती करून घेऊ."

सिस्टरांनी लगेच फोन काढला नाही. "साठा शून्य होईल, मॅडम. शुक्रवारच्या आत."

"होईल."

"बरं," सिस्टर म्हणाल्या, आणि नंबर लावला.

दिवे लागायच्या सुमारास मास्तर खाट नऊवर होते. दोघींनी कपाट उघडलं. बरेच दिवस मध्ये गेले होते, म्हणून डॉक्टरांनी आधी लहान मात्रा घेतली. सिस्टरांनी गोळी कुस्करून पाण्यात कालवली आणि नळीतून सोडली. डॉक्टर खुर्ची ओढून खाटेशी बसल्या. त्यांना ते मोजायची गरज नव्हती, मोजणारा पट्टा होता. तरी त्या बसून राहिल्या. आठ बराच वेळ आठच होता. मग सात. मास्तरांची मूठ सुटली. पाच. कपाळावरची शीर खाली बसली. तीन झाले तेव्हा मास्तर तोंड उघडं टाकून झोपले होते आणि घशातून बारीक घरघर येत होती. नुसती झोपेची.

अधीक्षकांच्या खोलीतल्या स्क्रीनवर ओळ बदलली होती. खाट नऊ : भरलेली. वेदना : तीन. खाली साठ्याचा रंग हिरव्यावरून पिवळा झाला होता.

गयाबाई खाटेच्या पायाशी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग कमरेचा करंडा काढला आणि चिमूटभर कुंकू पट्ट्याला लावलं.

"म्हणलं होतं ना सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "राहू द्या म्हणून. ह्यानंच आणलं तुम्हाला."

सिस्टरांना खोडून काढावं असं त्यात काही सापडलं नाही.

गयाबाईंची नजर शेजारच्या खाटेवर गेली. खाट आठ रिकामी होती.

"बाई, हितं हरणाबाई होत्या बघा. निवळीच्या. माझ्यासंगं च्या घ्यायच्या. त्यांचा पट्टा तर कापला होता तुम्ही. मग त्यांचं कसं कळंल तुम्हाला?"

डॉक्टर खुर्चीतून उठल्या नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर त्यांनीच सही केली होती. हरणाबाईंचा पुतण्या आला होता, दारातच उभा राहिला होता, आभार मानून गेला होता.

"हरणाबाई गेल्या, गयाबाई."

"अगं माय." गयाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग, अशा वेळी जे सगळेच विचारतात तेच त्यांनी विचारलं. "शांत गेल्या ना?"

याचं उत्तर ठरलेलं असतं. डॉक्टरांनी ते नोकरीभर दिलं होतं, आणि ऐकणारी माणसं तेवढ्यावर घरी गेली होती. ते उत्तर आत्ताही तोंडाशी आलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पट्टा मी कापला होता."